मुन्शीजींनी कोरं ठेवलेलं पान

सॉफ्टवेअरची रचना करणाऱ्या मंडळींसमोर बोलायला मला अजून बोलावतात. आर्किटेक्ट म्हणतात त्यांना. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे आणि बाण कुठं अडला की दुसऱ्या कोणाला तरी बोल लावायचा, असं ते काम. मी स्वतः पंचवीस वर्षं तेच केलं, म्हणून एवढं बोलायचा हक्क मला आहे. भाषण संपलं की एखादा मुलगा हमखास विचारतो, "मॅडम, रोजच्या कामात उपयोगी पडेल असा काही सल्ला द्या ना. हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" मी मुंबईतल्या दोन-चार जागांची नावं घेते. मुलं मान डोलावतात, वहीत लिहून घेतात. ते उत्तर अर्धंच आहे. मी हे शिकले अकोल्यात, एका धर्मादाय दवाखान्याच्या केसपेपरच्या खोलीत, आणि शिकवणाऱ्या माणसानं जन्मात संगणक पाहिला नव्हता.

त्यांचं नाव याकूब. सगळा दवाखाना त्यांना मुन्शीजी म्हणायचा.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी अमरावतीची, मॅट्रिक होऊन, टायपिंग शिकून अकोल्याला मामाकडे राहायला आले आणि दवाखान्यात कारकून म्हणून लागले. पहिल्या दिवशी खोलीत शिरले तेव्हा एक उंच, वाळका माणूस भिंतीच्या लाकडी खणांसमोर पाय फाकवून उभा होता. जमीन हलत असावी असा उभा होता. खरोखरच त्यांची जमीन तीस वर्षं हलत होती. डाकगाडीच्या डब्यात टपाल निवडायचं काम त्यांनी केलेलं. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत टाकायची, ती उभं राहण्याची सवय तशीच राहिली. लिहायचेही उभ्यानंच. खुर्ची होती, तिच्यावर त्यांची टोपी बसायची.

"नाव काय?" असं त्यांनी मला विचारलंच नाही. "पत्ता सांगा," म्हणाले. मी अमरावतीतल्या आमच्या गल्लीचा पत्ता सांगितला. त्यांनी डोळे मिटले, बोटानं हवेत एक खण शोधला आणि मान हलवली. "बडनेऱ्यावरून. बरं. बसा बेटी."

वऱ्हाडातलं कोणतंही गाव सांगा, त्याचं टपाल कोणत्या स्टेशनावर उतरतं, तिथून पुढं पायी जातं की मोटारीनं, हे ते सांगत. मात्र त्यातल्या एकाही गावात त्यांना ओळखणारं माणूस नव्हतं. मूळचे बाळापूरचे, पण तिथंही घरातलं कोणी उरलं नव्हतं. बायको लग्नानंतर सहा वर्षांत गेली, मूल नाही. "पूरा जनम गाडीत गेला," ते म्हणायचे. "रोज नव्या गावात उतरायचं, चाय प्यायची अन् वापस चढायचं. बोलणार कोनासंग?" हे ते हसत सांगायचे. मला वीस वर्षांच्या पोरीला ते गमतीचंच वाटायचं, याची आज लाज वाटते.

त्यांना दवाखान्यात आणलं होतं ते केसपेपरचा घोळ निस्तरायला. आमचे मोठे डॉक्टर, डॉ. सोहोनी, पुण्याचे. माणूस भला, हुशार, आणि व्यवस्थेचा भारी शौकीन. त्यांनी स्वतः एक पद्धत बसवली होती: आधी आडनाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग रोग्याचं. कागदावर पाहिली तर कोणीही वाहवा करावी अशी. खिडकीवर मात्र बाई यायची, कारकून विचारायचा, "नवऱ्याचं नाव?" आणि बाई जमिनीकडं बघायची. "यायचं नाव कसं घेऊ बावा?" नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. सोबत कोणी असलं तर ते सांगायचं, नसलं तर रांग तिथंच थांबायची. एका बाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाकडं बोट दाखवलं. कारकुनानं 'मारोती' लिहिलं. नवरा होता हणमंत. पुढच्या खेपेला दीर सोबत आला, त्यानं हणमंत सांगितलं, आणि त्या बाईचे दोन कागद झाले, दोन्ही अर्धे. अशा अर्ध्या कागदांनी दोन कपाटं भरली होती.

मुन्शीजींनी आल्यावर काय केलं? तीन आठवडे काहीच केलं नाही. रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर, रोग्यांच्या मधे बसायचे. हे मी आल्यानंतर सिस्टर आवडीनं सांगायच्या. शेवटी डॉक्टर चिडले. "मुन्शीजी, तुम्हाला काम करायला ठेवलंय का बसायला?"

"बसून राह्यलो, थेच काम हाये साहेब."

"म्हणजे?"

"कागद ठेवनं सोपं हाये. कागद मांगनारा माणूस बिनचूक काय सांगू शकते, थे पह्यले पाहा लागते."

बाकावर बसून त्यांनी एक गोष्ट ऐकली. दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पहिला प्रश्न असायचा, "कोन्या बाजारचे?" पातूरचा बाजार, बाळापूरचा बाजार. नाव सांगताना माणूस अडखळे, वय सांगताना तर सगळा आनंदच होता, पण आठवड्याच्या बाजाराला आपण कुठं जातो हे म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत प्रत्येकाला ठाऊक. सांगायला लाज नाही, भीती नाही. मुन्शीजींनी सुताराकडून भिंतभर खण करून घेतले आणि प्रत्येक खणावर एका बाजारगावाचं नाव टाकलं. खिडकीवरचा पहिला प्रश्न बदलला. आधी बाजारगाव, मग स्वतःचं नाव, बस्स. महिन्याभरात रांग निम्मी झाली.

पुढं मुंबईत मी मोठमोठ्या यंत्रांसाठी रचना केल्या. पहिल्या बैठकीत हुशार लोक फळ्यावर आडनाव, मग वडिलांचं नाव अशीच उतरंड लावायला लागले की मला तो बाक आठवायचा. मी म्हणायची, आधी खिडकीवर जाऊन बसू या. लोकांना ते वेळ काढणं वाटायचं.

डॉक्टरांना वाटत होतं, दवाखाना दोन दिवस बंद ठेवावा आणि सगळे जुने कागद एकदम नव्या खणांत लावून टाकावेत. मुन्शीजी नाही म्हणाले. "जुन्याले हात नाई लावायचा. जो येईन त्याचा कागद हलवायचा." रोगी आला की जुन्या गठ्ठ्यातून त्याचा कागद शोधायचा आणि परत ठेवताना नव्या खणात ठेवायचा. वर्षभरात जे येणारे होते ते सगळे आपोआप हलले. जे आले नाहीत त्यांचे गठ्ठे तसेच राहिले. ते लोक बरे झाले होते, नाही तर देवाघरी गेले होते, आणि दोघांनाही कागदाची घाई नव्हती.

प्रत्येक चौथा खण त्यांनी रिकामा ठेवला होता. ट्रस्टचे सेक्रेटरी एकदा पाहणीला आले आणि म्हणाले, "एवढी जागा वाया चाललीय, इथं औषधाच्या बाटल्या ठेवा." मुन्शीजी खणासमोर आडवे उभे राहिले. "थो खाली नाई साहेब. थो येणाऱ्या गावाचा हाये." सेक्रेटरी हसले. पुढच्याच वर्षी नवा रस्ता झाला, तिकडचे रोगी यायला लागले आणि मुन्शीजींनी पाच मिनिटांत पाटी चिकटवली.

कागद काढला की त्याच्या जागी लाकडी पट्टी उभी करायची, पट्टीवर नेणाऱ्याचं नाव. हा नियम सगळ्यांना, डॉक्टरांनाही. एकदा डॉक्टर घाईत येऊन कागद घेऊन गेले आणि पट्टी ठेवायला विसरले. संध्याकाळी ते परत करायला आले तेव्हा खणात पट्टी होती. तिच्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'मोठे डॉक्टर, न सांगता.' डॉक्टर गोरेमोरे झाले. तेव्हापासून कधी विसरले नाहीत.

आणि ती वही. माझ्या मते मुन्शीजींची खरी करामत ती वही होती. डाव्या पानावर काय केलं ते लिहायचं, उजव्या पानावर का केलं ते. डावीकडं 'चौथा खण रिकामा', उजवीकडं 'रस्ते होऊन राहिले आहेत, गावं वाढतील.' डावीकडं 'पट्टी लाकडाची', उजवीकडं 'कागदाची केली होती, उंदरांनी खाल्ली.' मला म्हणाले होते, "काय केलं थे तं भिंत सांगते. काहून केलं, थे भिंत नाई सांगत. म्या मेल्यावर एखादा शायना येईन अन् म्हणीन, पट्टी कागदाची करा. त्याले उंदीर मालूम नाई ना."

आजच्या मुलांना मी एवढंच सांगत असते, उजवं पान लिहा. डावं पान कोणीही वाचून काढतं.

हे सगळं ऐकून तुम्हाला मुन्शीजी मोठे समाधानी गृहस्थ वाटतील. तसे ते नव्हते. त्यांच्या कामातच एक वाईट खोड होती, आणि ती मला कितीतरी उशिरा कळली. पद्धत बिघडलेली होती तेव्हा दिवसातून वीस माणसं त्यांच्या टेबलाशी यायची. सिस्टर यायच्या, वॉर्डबॉय यायचे, रोग्यांचे नातेवाईक यायचे, भांडायचे, चहा प्यायचे, भांडण विसरून घरचं सांगत बसायचे. जसजसं काम सुधारत गेलं तसतशी ती माणसं कमी झाली. कागद मिळतोय म्हटल्यावर मुन्शीजींकडं यायचं काय कारण? तीस वर्षं माणसांवाचून काढलेल्या माणसाला या खोलीत पहिल्यांदा माणसं मिळाली होती, आणि आपल्याच हातानं तो त्यांना परत पाठवत होता.

एक ओळ मात्र राहिली होती. सगळ्यात खालची.

त्या ओळीत बाळंतपणाला येणाऱ्या बायकांचे कागद होते. या बायकांचे बाजार दोन, माहेरचा एक आणि सासरचा एक. नावंही दोन, कारण लग्नात नाव बदललेलं. आज माहेरहून आई घेऊन येणार, पुढच्या खेपेला सासरहून सासू. मग कागद लावायचा कुठं? मुन्शीजींनी त्यावर काहीतरी तोड काढली होती, पण ती फक्त त्यांना माहीत. वहीत डाव्या पानावर लिहिलं होतं, 'दोन बाजारांच्या बाया – खालची ओळ.' उजवं पान कोरं. मी दोनदा विचारलं. "सांगीन, सांगीन. थे ओळ माह्याकडे राहू दे बेटी."

दिवसातून चार-पाच वेळा सिस्टरची हाक यायची, "मुन्शीजी, खालच्या ओळीतली बाई आली हो!" त्यांचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं. टोपी घालायचे, बाहेर जायचे, बाईजवळ वाकून हळू आवाजात दोन-तीन प्रश्न विचारायचे. मग सोबतच्या म्हातारीशी बोलणं सुरू. पाऊसपाणी, कापूस, कोणाच्या पोरीचं कुठं दिलं. अर्धा तास गेल्यावर आत येऊन, न बघितल्यासारखं करून ओळीत हात घालायचे आणि नेमका तो कागद बाहेर काढायचे. सिस्टर म्हणायच्या, "जादू आहे मुन्शीजींच्या हातात." मुन्शीजी नुसते हसायचे.

आमच्या पद्धतीचा बोलबाला अमरावतीपर्यंत गेला. तिथल्या एका दवाखान्यातून दोन कारकून आले, दोन दिवस राहिले, फूटपट्टीनं खण मोजले, सगळं उतरवून घेऊन गेले. सहा महिन्यांनी पत्र आलं की पद्धत चालत नाही, मुन्शीजींना आठ दिवसांसाठी पाठवा. मुन्शीजी खूश. नवा पायजमा शिवून गेले. तिथं त्यांनी काय पाहिलं ते परतल्यावर त्यांनी मला सांगितलं. भिंतभर खण, अगदी आमच्यासारखे. प्रत्येकावर पाटी, आणि पाट्यांवर पातूर, बाळापूर, आमच्याकडची सगळी गावं. अमरावतीच्या दवाखान्यात पातूरचा रोगी कशाला येतोय? त्यांचे निम्मे रोगी तिवशाकडचे, आणि तिवशाचा खणच नाही. आमच्या एका खणाची फळी तुटली होती म्हणून सुतारानं तिथं पत्रा ठोकला होता. त्यांनी त्या जागी नवा कोरा पत्रा ठोकला होता. मुन्शीजींनी विचारलं, "हा पत्रा कायले?" तिथला कारकून म्हणाला, "तुमच्याकडे होता म्हून."

यावर आम्ही एरवी पोट धरून हसलो असतो. पण ते परत आले त्या दिवशी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ते गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी बाळापूरच्या बाजूनं एक म्हातारी सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आली. घरीच बाळंत झालेली, तिसऱ्या दिवशी ताप भरलेला, बाई शुद्धीवर नव्हती. म्हातारीनं नाव सांगितलं, सुशीला. बाजार बाळापूर. पहिलं बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं होतं, एवढं तिला माहीत होतं. मी बाळापूरचा खण पाहिला. नाही. मग खालच्या ओळीत बसले. शेकडो कागद, आणि त्यांचा क्रम मला कळेना. एकेक उघडून नाव वाचत गेले, सुशीला कुठंच नाही. वही काढली. उजवं पान कोरं. तेवढ्यात सिस्टर दोनदा येऊन गेल्या. "कमलबाई, लौकर करा."

डॉक्टर तरी किती थांबणार? ताप चढत होता. त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पाचेक मिनिटांत बाईचा श्वास कोंडला, अंग निळं पडलं. दोन दिवस ती जगते की मरते अशी होती. म्हातारी त्या तीन दिवसांच्या लेकराला मांडीवर घेऊन वॉर्डच्या दारात बसून राहिली. मी तिच्या समोरून जायचं टाळायची. डॉक्टर मला सगळ्यांदेखत बोलले. "एक कागद सापडत नाही? मग तुम्ही इथं करता काय? मुन्शीजी आले की पाहू, तोवर तुम्ही घरी बसा." मी मामाच्या घरी जाऊन जे रडले ते विचारू नका.

मुन्शीजी परत आले त्या दिवशी शिपाई मला बोलवायला आला. दुपारची वेळ होती. मी पोचले तेव्हा मुन्शीजी खालच्या ओळीपाशी जमिनीवर बसले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. हातात एक कागद होता. त्यांनी वॉर्डात जाऊन म्हातारीला एकच प्रश्न विचारला होता, "सुनेले माहेरी काय म्हणतेत?" ती म्हणाली, "चंद्रभागा. माहेर पातूरकडचं." आणि कागद मिनिटभरात निघाला. चंद्रभागा, पातूर. वर लाल शाईत डॉक्टरांच्याच हातचं: 'पेनिसिलिन देऊ नये.'

तोड इतकी सोपी होती. बाळंतिणीचा कागद कायम माहेरच्या बाजारावर आणि माहेरच्या नावावर. सासरी नाव बदलतं, बाजार बदलतो, माहेर एकच. बदलणार नाही अशा गोष्टीला कागद बांधला होता. मी पुढं मोठ्या रचना करणारे कितीतरी लोक पाहिले, इतकी स्वच्छ अक्कल फार थोड्यांकडं दिसली. वहीत लिहायला एक ओळ पुरली असती.

डॉक्टर खोलीत आले. मुन्शीजी उठून उभे राहिले. "साहेब, पोरीचा कसूर नाई. माहा हाये."

"तुम्ही तर इथं नव्हता मुन्शीजी."

"म्हूनच माहा हाये. म्या नसलो का बंद पडीन, अशी एक ओळ म्या ठेवली. पान कोरं ठेवलं."

"राहून गेलं असेल."

"राहून नाई गेलं. ठेवलं."

बाई वाचेल असं त्या दिवशी सकाळीच वाटायला लागलं होतं, म्हणून कदाचित डॉक्टरांना शांत राहता आलं. "का?" एवढंच विचारलं. मुन्शीजींनी हातातला कागद त्यांच्यापुढं धरला. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत लिहून टाका. कमलबाई, तुम्ही कामावर या." आणि गेले.

मी रागावलेली होते. माझी नोकरी जायची वेळ आली होती, एक बाई मरता मरता वाचली होती. मी दार लोटून विचारलं, "का मुन्शीजी? एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

ते खणांकडं तोंड करून म्हणाले, "लोक येत होते ना बेटी."

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"वरच्या साऱ्या ओळींचं लिवलं तं कोनी येईनासं झालं. हे एक ओळ होती, म्हून हाक मारत होते. 'मुन्शीजी, मुन्शीजी.' मले बरं वाटे. मंग म्या म्हटलं, राहू दे आखरीचं." त्यांनी वाकून खालची ओळ सारखी केली. "थे बाई मेली असती. माह्या बरं वाटन्यापायी."

माझा राग तिथंच संपला. पण त्यांच्याजवळ जावं, काही बोलावं, ते मला जमलं नाही. मी पट्ट्या पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उभ्यानं ते उजवं पान लिहिलं. 'माहेर एकच असतं. विचारावं: माहेरी काय म्हणतात? माहेरचा बाजार कोणता?' खाली आणखी एक ओळ होती: 'हे पान एक वर्ष कोरं होतं. कारण लिहिण्यासारखं नाही. पुन्हा कोणी कोरं ठेवू नये.' मग त्यांनी सिस्टरांना शिकवलं, मला शिकवलं, वॉर्डातल्या दोन्ही आयांना शिकवलं. जेमतेम अक्षरं लावून वाचणारी आयासुद्धा आठवड्याभरात खालच्या ओळीतून कागद काढायला लागली. म्हणायची, "एवढंच होय?" मुन्शीजी म्हणायचे, "हाव, एवढंच."

ती बाई दीड महिन्यानं चालत घरी गेली. जाताना म्हातारीनं सगळ्यांच्या पाया पडून आशीर्वाद दिले. मुन्शीजी तेवढ्यापुरते मागच्या दारानं बाहेर गेले होते.

त्यानंतर त्यांना हाक आली नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. पुढची दोन वर्षं ते त्याच खोलीत होते आणि कामासाठी कोणाला त्यांची गरज पडली नाही. वॉर्डबॉय खिडकीशी आला की ते मान वर करायचे. "काई अटकलं काय?" "नाई मुन्शीजी, बेस चालू हाये," आणि तो जायचा. सगळे त्यांना मानत होते, दिवाळीला फराळ आणून देत होते, पण टेबलाशी थांबत कोणी नव्हतं. मीही नाही. मी तेव्हा मुंबईच्या नोकरीच्या जाहिराती वाचायच्या नादात होते. ते खणांवरची धूळ झटकायचे, पाट्यांची अक्षरं पुन्हा गिरवायचे. एकदा मला म्हणाले, "बेटी, चांगलं काम केलं ना, का मानसाची जरूर सरते." मी म्हटलं, "मग वाईट करावं का?" "नाई," ते म्हणाले, "मंग दुसरीकडे कुठी तरी लोक असले पायजे मानसाले. कामात नाई. मले थे उशिरा समजलं."

हा सल्ला मी भाषणात कधी देत नाही. दिला पाहिजे खरं तर.

डोळे अधू झाले तेव्हा ते काम सोडून बाळापूरला गेले. निरोपाला हार झाला, पेढे झाले, डॉक्टर चांगलं बोलले. मुन्शीजींनी वही माझ्या हातात दिली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक उजवं पान उलटून दाखवलं, कुठं कोरं नाही हे पाहून घे म्हणून.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षभरानं, मी मुंबईला निघायच्या आधीच्या आठवड्यात. खिडकीवर तेव्हा देवीदास नावाचा नवा कारकून होता. तो मुन्शीजी गेल्यावर लागलेला, त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी आतल्या टेबलावर सहा महिन्यांचा तक्ता संपवत होते. रांगेत मुन्शीजी उभे दिसले. फार वाळले होते, खोकत होते, पाय मात्र तसेच फाकवलेले.

देवीदासनं मान वर न करता विचारलं, "बाजारगाव?"

"बाळापूर."

"नाव?"

"याकूब."

कागद मिनिटभराच्या आत निघाला. जागेवर पट्टी उभी राहिली. देवीदासनं कागद खिडकीतून पुढं केला. मुन्शीजींनी तो घेतला, पट्टीकडं पाहिलं, आणि हलले नाहीत. हातात कागद घेऊन खिडकीत तसेच थांबले. कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून थांबले होते, हे मला आतून स्पष्ट दिसत होतं.

"बावा, सरका ना जरा," देवीदास म्हणाला. "मागचे लोक खोळंबले."

मुन्शीजी सरकले.

मी उठायला हवं होतं. तक्त्याच्या चार ओळी राहिल्या होत्या, म्हटलं एवढ्या संपवून जाऊ, ते डॉक्टरांकडं जाऊन येतीलच. चार ओळींना पाऊण तास लागला. बाहेर आले तर बाक रिकामा, बाळापूरची मोटार निघून गेलेली. मी देवीदासला विचारलं, "ते म्हातारे गृहस्थ गेले का रे?"

"थे बावा होय? गेले. जातानी तुमालेच पुसून राह्यले होते. म्या म्हटलं, कमलबाई कामात हायेत, काई काम असंन तं सांगा, हाक मारतो."

"मग?"

"म्हणे, राहू द्या. काई अटकलं नाई."